पाळण्यातला वरवंटा

वरवंटा दगडाचाच हवा म्हणून आक्का अडून बसल्या, आणि पुढचं सगळं रामायण त्या एका हट्टातून झालं.

आक्का म्हणजे कराडच्या सुरेखाबाई. नवरा ऐन उमेदीत गेला, तेव्हा पदर खोचून त्यांनी खानावळ काढली आणि उभ्या गावाला जेवू घातलं. गाव त्यांना आक्का म्हणायचं, म्हणून पोटचा पोरगाही आक्काच म्हणायला लागला. तो यशोधन आता जर्मनीत, र्युसेल्सहाइमला, मोटारींच्या सॉफ्टवेअरचं काम करत होता. सून वल्लरी पुण्याची. थोरली नात ओवी सात वर्षांची, आणि तिच्या पाठीवर आता मुलगा झाला होता. बाराव्या दिवशी व्हायचं बारसं आक्कांच्या व्हिसापायी लांबत लांबत तिसऱ्या महिन्यावर गेलं होतं. आक्का आल्या त्या पापडाचे डबे, डिंकाचे लाडू आणि टोपडं-कुंची घेऊन. वरवंटा तेवढा राहिला. विमानात वजनाची कटकट.

"आक्का, लाटणं चालेल ना?" वल्लरीनं विचारलं. "शेवटी सिम्बॉलिकच असतं ते."

"लाटणं? उद्या म्हणशील, पाळण्यात मोबाइल ठेवू. अगं, पोर दगडागत टणक निघावं म्हणून वरवंटा ठेवतात. लाटणं ठेवलंस तर जन्मभर जो तो लाटून काढील त्याला."

"अहो पण इथे वरवंटा मिळणार कुठे?"

"जमीन आहे ना या देशाला? मग दगडही असेल."

वल्लरी लाटणं उचलून पोळ्यांकडे वळली. आक्कांपुढे गप्प होण्यात तिचा हात आता चांगला बसला होता.

दगड सापडला तो बागेत. माइन नदीच्या अंगाला छोट्या छोट्या बागांची एक वसाहत आहे. फ्लॅटमध्ये राहणारी माणसं तिथं तुकडा भाड्यानं घेऊन भाजी लावतात. यशोधननं केलर नावाच्या एका म्हातारीकडून तिची अर्धी बाग घेतली होती, कारण तिचे गुडघे गेले होते. आक्का आल्या दिवसापासून त्या मातीत पडलेल्या असत. मेथी उगवली, कोथिंबीर उगवली, अळूनंही पान काढलं. त्या वाफ्याच्या कडेला पूर्वीच कुणी दगड रोवून बांध घातला होता. तो सरळ करताना खुरप्याला काहीतरी लागलं आणि आक्कांनी ते उपसून काढलं.

दीड वीत लांब, मनगटापेक्षा जाड, एका टोकाला निमुळतं. अंगावर माती आणि बारीक खडे असे चिकटलेले, की कवच म्हणावं. हातात घेतलं आणि आक्का हरखल्या. काय वजन होतं! पाथरवटाच्या दारात बसून पाटा-वरवंटा पारखून घेणारी बाई ती, तिला दगडातलं कुणी काय सांगायचं?

"हा खरा पाषाण," त्यांनी जाहीर केलं. "देवानंच ठेवला होता म्हणायचं माझ्यासाठी."

घरी आणून त्यांनी तो बादलीत भिजत घातला आणि काथ्यानं खसाखसा घासला. पाणी तांबडं झालं. 'तांबडा दगड दिसतोय,' आक्का मनाशी म्हणाल्या. खालच्या अंगाला हिरवट वळं उमटलं, तेव्हा म्हणाल्या, 'शेवाळ.' अहंकाराला हवं तेवढंच दिसतं, पण ते कळायला वेळ यावी लागते.

आता हुदाबद्दल सांगायला हवं, कारण गोष्ट तिचीच आहे.

हुदा समोरच्या दारात राहायची. सीरियाची, होम्स शहराजवळच्या एका गावची. तिथं ती शाळेत गणित शिकवायची. लढाईत गाव बसलं, तशी ती नवऱ्याबरोबर देशोधडीला लागून इथं आली. तिची मुलगी लीन ओवीच्या वर्गात, दोघींची गट्टी. गेल्या हिवाळ्यात तिकडची राजवट पडली. लढाई संपली म्हणून हुदाचा नवरा नबील वसंतात परत गेला, पडलेलं घर उभारायला. आता तो रोज बोलवत होता, या म्हणून. हुदाचं पाऊल उचलत नव्हतं. कायद्यानं एकदा गेलं की इकडचं दार बंद, परत यायचं नाही. एकटीचा जीव असता तर ती कधीच गेली असती. पण हाताशी लीन होती.

आक्का आणि हुदा बागेत चहाला बसायच्या. एकीला मराठी, एकीला अरबी. मध्ये दोन पोरी. हुदा जर्मनमध्ये बोलायची, ओवी ते मराठीत करायची. आधी ओवीला मराठी सगळं कळे, पण उत्तर जर्मनमध्येच येई. आक्कांनी मग फर्मान काढलं होतं, मराठीत मागशील तरच लाडू. तेव्हापासून पोरगी मोडकंतोडकं का होईना बोलायला लागली होती.

"विचार तिला, जात का नाही अजून," आक्का म्हणायच्या. "नवरा एकटा भिंती बांधतोय, आणि ही इथं चहा पितेय."

ओवी जर्मनमध्ये विचारायची. त्यातला टोमणा ती गाळायची का ठेवायची, ते तीच जाणे.

"आजी, ती म्हणते, वीज दोन तास येते. पाणी गाडीतून. आणि लोक ना, पडलेल्या घरातून लोखंड ओढून काढतात. वाकडं असतं ते. मग हातोडीनं सरळ करतात आणि नवीन घरात घालतात."

"चांगलंय की. काटकसरी माणसं."

"आणि म्हणते, शेजारी जो माणूस आहे, त्यानंच तिच्या भावाचं नाव पोलिसांना सांगितलेलं. भाऊ परत आलाच नाही. तो माणूस अजून तिथेच राहतो. सकाळी गुड मॉर्निंग म्हणतो."

उत्तर असो वा नसो, गप्प बसायची आक्कांना सवय नव्हती.

"हे बघ," त्या हुदाकडे वळून मराठीतच म्हणाल्या, जणू जोरात बोललं की समजतं. "मी नऊ वर्षांची होते. कोयनेचा भूकंप झाला. पहाटे आमचं घर असं बसलं, जसा पत्त्यांचा बंगला. शाळा पडली, देऊळ पडलं. माझ्या आईनं काय केलं? दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्यातले तीन दगड घेतले आणि चूल मांडली. तीन दगड मांडले की चूल, चूल पेटली की घर. बाईमाणूस गेल्याबिगर घर उभं राहत नसतं. भिंती राहतात नुसत्या."

ओवीनं सगळं सांगितलं. हुदानं मोबाइल काढला आणि नबीलनं पाठवलेले फोटो दाखवायला लागली. स्वयंपाकघराची फरशी उकरताना निघालेल्या वस्तू. गंजलेल्या, मातीत माखलेल्या. एक लांबट, एक गोल. प्रत्येकीभोवती लाल फडक्याचे तुकडे लावलेले.

"म्हणते, या फुटतात. दोन घरं पलीकडे एक काका परत आले होते, झाड लावत होते, तर…" ओवी थांबली. तिला पुढचे मराठी शब्द येत नव्हते, किंवा येत होते.

आक्कांनी चष्मा नव्हता म्हणून फोटो लांब धरून बघितला आणि परत दिला.

"सांग तिला, भिऊन कुणाचं भलं झालं? हाच देश बघ म्हणावं. यांचंही सगळं बसलं होतं ना? यशोधन सांगतो, बॉम्बनं गावंच्या गावं साफ झाली होती. आता बघ. बस मिनिटाच्या ठोक्याला येते. बाटली टाकायला हिरवी वेगळी, पांढरी वेगळी. रस्त्यावर काडी पडलेली दिसत नाही. तुझा देशही होईल असा. पण तू गेलीस तर."

हुदानं ते ऐकलं, बागेवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "या." जर्मनमध्ये त्याचा अर्थ 'होय' असा असतो, हे आक्कांना एव्हाना ठाऊक होतं. आपलं म्हणणं पटलं, असं त्यांनी गृहीत धरलं.

पुढच्या शनिवारी दुपारी बारसं ठेवलं. त्याच सकाळी हुदा सांगून गेली होती, की तिकिटाचं ती सोमवारी ठरवणार. आक्का खूश होत्या. एका दिवसात दोन कामं मार्गी लागली, पोराचं नाव आणि परक्या पोरीचं घर.

दिवाणखान्यात स्टँडला लाकडी पाळणा टांगला होता. वल्लरीच्या चार-पाच मैत्रिणी साड्या नेसून आल्या होत्या. वरवंट्याला तेल लावून, हळदीकुंकू वाहून आक्कांनी त्याला टोपडं बांधलं, कुंचीत गुंडाळलं. वल्लरी हळूच म्हणाली, "अहो आक्का, पलीकडच्या बाजूला हुदाला उभं करायचं? तिला काय कळणार त्यातलं?"

"गोविंद घ्यायला दोन हात लागतात. ते तिला आहेत. आणि लेकुरवाळी आहे. तुझ्या या मैत्रिणींना एकेक कुत्रं आहे."

आक्कांच्या घरची रीत अशी, की बाळ आधी पाळण्यात निजवायचं आणि मग वरवंटा पाळण्याखालून द्यायचा, वरून घ्यायचा, शेवटी बाळाच्या पायाशी ठेवायचा. बाळ निजलं होतं, मुठी आवळून. आक्का अलीकडे, हुदा पलीकडे.

"कुणी गोविंद घ्या," म्हणत आक्कांनी वाकून तो पाळण्याखालून सरकवला. हुदानं हसत हसत घेतला. वजनानं तिचे हात थोडे खाली गेले. टोपडं सरकलं. तिचा अंगठा त्या हिरव्या वळ्यावरून फिरला आणि तिथेच थांबला.

"आता वरून दे. वरून. कुणी गोपाळ घ्या," आक्का म्हणाल्या.

हुदा हलली नाही. तिच्या तोंडावरचं हसू गेलं नव्हतं, पण त्याच्या मागचं माणूस गेलं होतं. ती तशीच हळूहळू गुडघ्यांवर बसली, वरवंटा मांडीशी धरून, आणि अगदी खालच्या आवाजात यशोधनला जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली. यशोधनचा चेहरा पिठासारखा झाला. त्यानं पाळण्यातून बाळ उचललं आणि वल्लरीच्या हातात दिलं.

"सगळे बाहेर. खाली रस्त्यावर. पळायचं नाही. वल्लरी, पोरींना घे. आत्ता."

"अरे काय झालं? ही मध्येच का बसली? गोविंद अडवून धरतात होय?" आक्का म्हणाल्या.

"आक्का, चल."

"नाव ठेवायचंय अजून."

"आक्का, तो दगड नाही. तो बॉम्ब आहे. लढाईतला."

आक्कांनी आधी पोराकडे बघितलं, मग हुदाच्या मांडीवरच्या टोपड्याकडे. त्यांना एकच गोष्ट सुचली आणि ती तोंडातून निघूनही गेली.

"अरे, मी सकाळी नारळ फोडलाय त्यानं."

बायका साड्या सावरत, चपला न घालता जिना उतरायला लागल्या. ओवीनं लीनचा हात धरला होता. लीन आईकडे वळून वळून बघत होती, पण रडत नव्हती. सात वर्षांच्या पोरीला कधी रडायचं नाही हे कळतं, म्हणजे त्या घरात काय काय बोललं गेलं असेल.

यशोधन दारात उभा राहून फोनवर पोलिसांना पत्ता सांगत होता आणि दुसऱ्या हातानं आईला ओढत होता. आक्कांनी हात सोडवून घेतला.

"तू पोरांकडे जा."

"आक्का, वेडेपणा करू नकोस!"

"तिच्या हातात मी दिलाय तो. देऊन मी जिना उतरू? जा म्हणते ना."

यशोधन गेला. त्याला जावंच लागलं. खाली त्याची दोन लेकरं होती.

खोलीत दोघी राहिल्या. हुदानं मानेनं खूण केली, जा. आक्कांनी मानेनंच सांगितलं, नाही. हुदाचे दंड भरून आले होते. एवढं वजन अलगद धरून बसणं सोपं नसतं. खाली ठेवावं तर फरशी कडक. तिनं नजर फिरवली, आक्कांनीही फिरवली, आणि दोघींची नजर एकाच जागी येऊन थांबली. घरातली सगळ्यात मऊ जागा. पाळणा.

आक्का उठल्या. पाळण्याला झोका बसू नये म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी कठडा धरला आणि पोटाशी दाबला. जन्मभर त्यांनी पाळणे हलवले होते, स्वतःच्या लेकराचे, जावेच्या, नणंदेच्या, गल्लीतल्या सगळ्यांच्या. हा हलू नये म्हणून त्या देवाचा धावा करत होत्या, आणि धावा करताना त्यांना एकाही देवाचं नाव आठवत नव्हतं. हुदा गुडघ्यांवरून उठली. इंच इंच पुढं आली. बाळाच्या अंगाची ऊब अजून दुपट्यात होती, तिथं तिनं ते टोपड्यासकट निजवलं. हात काढायला तिला फार वेळ लागला.

मग दोघी एकमेकींचा हात धरून, पाय न वाजवता बाहेर पडल्या. मागं पाळण्यात टोपडं घातलेलं ते तसंच होतं. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, बाळ निजलंय.

पोलिसांनी सगळी गल्ली रिकामी केली. जवळच्या एका शाळेच्या व्यायामशाळेत माणसांना नेऊन बसवलं. कुणी आरडाओरडा केला नाही. म्हाताऱ्या बायका विणकाम घेऊन आल्या, एकानं कुत्र्याचं खाणं आणलं. हे सगळं त्यांना ठाऊक होतं. पावसाळी छत्री असावी तशी त्यांची ती वागणूक बघून आक्का जास्तच हबकल्या.

बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकातला एक तरुण पोलीस यशोधनकडे चौकशीला आला. ती वस्तू म्हणे विमानं पाडायच्या तोफेचा गोळा होती, आणि ते हिरवट वळं म्हणजे त्याचा तांब्याचा पट्टा. वर जाऊन फुटायचा, तो फुटला नाही, खाली येऊन मातीत रुतला. नदीकाठी नेऊन तो फोडणार होते. "त्याच्यावर काही आपटलं होतं का?" असं त्यानं विचारलं तेव्हा यशोधननं आईकडे बघितलं. आक्कांनी मान खाली घातली. आक्कांना मान खाली घालताना यशोधननं पहिल्यांदाच बघितलं असेल. काय उत्तर दिलं, ते त्यानं सांगितलं नाही.

"विचार त्याला, आता संपलं ना सगळं?" आक्का म्हणाल्या. "शेवटचाच होता ना?"

पोलीस हसला. चांगलं हसला, घरातल्या माणसासारखा. यशोधननं त्याचं म्हणणं मराठीत केलं. "म्हणतो, हे काम माझे आजोबा करायचे, मी करतो, आणि माझ्या नातवंडांनाही पुरेल."

"ऐंशी वर्षं झाली ना रे?"

"हो, आक्का."

थोड्या वेळानं आवाज झाला. आक्कांना वाटलं होतं, लक्ष्मीबाराएवढा होईल. पण व्यायामशाळेच्या काचा खळखळल्या आणि पायाखालची लाकडी जमीन एकदा हलून थांबली. नऊ वर्षांची असताना हलली होती तशी. बाळ दचकून रडायला लागलं. त्याच्या पायाशी ठेवायचा होता तो. दोन मिनिटांत ठेवलाच असता. आक्का भिंतीला टेकून खाली बसल्या.

सोमवारी हुदा तिकिटाला गेली नाही. आक्कांनीच तिला अडवलं. दारात आडव्या उभ्या राहून म्हणाल्या, "ओवी, सांग तिला, मी बोलले ते सगळं परत घेतलं. भूकंपानं पाडलेल्या घराच्या पोटात कुणी मुद्दाम काही पुरून जात नाही. मला माहीत नव्हतं. मी चुलीच्या गोष्टी सांगत बसले. चूल मांडायला दगड उचलायचा आणि तो दगडच नाही निघाला तर? नको जाऊस. पोरीला नेऊ नकोस."

एवढं बोलून आक्कांना धाप लागली. शब्द परत घेण्याची त्यांना सवय नव्हती.

हुदानं त्यांना हाताला धरून घरात नेलं आणि पाणी दिलं.

आठवड्यानं बाग उघडली. माणसांनी यंत्रं घेऊन सगळा तुकडा धुंडाळला होता, दोन-चार खड्डे पाडले होते, एक फावडं आणि एक जुना डबा तेवढा निघाला. आक्का कुंपणाशीच उभ्या राहिल्या. मेथी गुडघ्याला लागली होती, खुडायला झाली होती, पण त्यांचं पाऊल वाफ्यात पडेना. हुदा दोघी पोरींना घेऊन बाकावर बसली होती. पोरींना तिनं बाकावरून उतरू दिलं नव्हतं.

तेवढ्यात केलरबाई आली. नव्वदीच्या घरातली म्हातारी, हातात काठी, टोपलीत ट्यूलिपचे कांदे. त्या खड्ड्यांकडे बघून तिनं जिभेनं च्यक् केलं, जसं कुणी अंगणात कचरा टाकल्यावर करावं, आणि वाफ्याच्या कडेला, जिथून तो निघाला होता त्याच्या हातभर अंतरावर, काठी टेकत टेकत फतकल मारून बसली. खुरपं मातीत घुसवलं. आक्कांच्या तोंडून "अगं बाई!" एवढंच निघालं.

"ओवी, विचार तिला. भीती नाही वाटत?"

ओवीनं विचारलं. केलरबाई कांदा हातात धरून, अधूनमधून 'आल्झो', म्हणजे आपलं 'तर मग', म्हणत, बराच वेळ बोलत राहिली. ओवी ऐकता ऐकता सांगत गेली.

"ती म्हणते, हे दगड तिच्या पप्पांनी लावले. लढाई संपल्यावर. जे मिळालं ते लावलं. आणि ती… आजी, ती म्हणते, लहानपणी ती त्याच दगडावर अक्रोड फोडायची."

आक्कांनी कपाळाला हात लावला.

"म्हणते, तिच्या मम्मीनं इथे बटाटे लावले. माती खराब आहे, सगळ्यांना माहीत होतं. शेजारची एक मुलगी गेली पण त्यात. पण म्हणते, मग पेरायचं कुठे होतं आम्ही? दुसरी जमीन नव्हती ना."

म्हातारीनं कांदा खड्ड्यात ठेवला, माती ओढली, तळव्यानं दाबली. पुढचा कांदा घेतला.

हुदाला भाषांतर लागत नव्हतं. तिनं ते सगळं आधीच ऐकलं होतं. ती बाकावरून उठली, केलरबाईजवळ गेली आणि तिच्या दाबलेल्या मातीकडे बघत उभी राहिली. मग आक्कांकडे बघत ओवीला जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली, आणि ओवीनं ते सांगितलं.

"आजी, ती जाणार आहे."

"काय?"

"म्हणते, माती साफ व्हायची वाट बघितली तर लीन आजी होईल. शाळेच्या भिंती झाल्यात. वर प्लास्टिक टाकलंय. पण शिकवायला कुणी नाही. मुली येतात आणि नुसत्या बसून घरी जातात."

कोयनेच्या भूकंपात आक्कांची शाळा पडली तेव्हा त्या चौथीत होत्या. शाळा पुन्हा बांधली, चांगली दगडी बांधली, पाटी लागली. पण मास्तर यायला वर्षं गेली, आणि तोवर सुरेखाच्या हातात पाटीऐवजी परात आली होती. हे त्यांनी हुदाला कधी सांगितलं नव्हतं. चुलीची गोष्ट सांगितली होती. चुलीच्या गोष्टीत आई शूर होती. शाळेच्या गोष्टीत कुणीच शूर नव्हतं.

"आणि लीन?" त्यांनी विचारलं.

हुदानं लीनला बाकावरून उतरवलं आणि वाफ्याच्या अंगानं चालायला लागली. लीन तिच्या मागं, आई जिथून पाऊल उचलेल तिथेच पाऊल टाकत, इकडं नाही, तिकडं नाही. कुणी सांगितलं नव्हतं. पोरीला ते आधीच शिकवलेलं होतं. म्हणजे जायचं ठरलेलंच होतं, आक्कांच्या बोलण्याच्या कितीतरी आधी. आणि आक्का समजत होत्या, की आपण पाठवतोय आणि आपणच थांबवतोय.

"सांग तिला," आक्का म्हणाल्या. "सांग तिला, जायच्या आधी घरी ये म्हणावं. बारसं राहिलंय. गोविंद तिच्या हातात अडकलाय अजून."

जायच्या दिवशी सकाळी हुदा आली. बॅगा दारात होत्या. पाळण्यात नवीन गादी घातली होती, बाळ निजवलं होतं. वल्लरीनं विचारायला तोंड उघडण्याआधीच आक्का स्वयंपाकघरात गेल्या आणि लाटणं घेऊन आल्या. लाटण्याला कुंकू लागलं, टोपडं बांधलं.

"कुणी गोविंद घ्या," आक्का म्हणाल्या.

हुदानं पाळण्याखालून ते घेतलं. घेतलं आणि थांबली. टोपडं सोडून तिनं लाटण्यावरून अंगठा फिरवला, एका मुठीपासून दुसऱ्या मुठीपर्यंत, सावकाश. यशोधननं नकळत पाळण्याच्या कठड्यावर हात ठेवला होता. लीन आणि ओवी दारापाशी एकमेकींना चिकटून उभ्या. मग हुदानं टोपडं पुन्हा नीट बांधलं आणि वरून आक्कांच्या हातात दिलं. आक्कांनी ते बाळाच्या पायाशी ठेवलं. यशोधनची बहीण कराडहून फोनवर होती. फोन बाळाच्या कानाशी नेला आणि आत्यानं सांगितलं, मल्हार.

हुदानं बाळाच्या कपाळावर ओठ टेकले. आक्कांच्या गळ्यात हात टाकला आणि तसाच बराच वेळ ठेवला. मग लीनचा हात धरून ती बॅगा घेऊन जिना उतरली. लीन आईच्या मागं, तिच्याच पायऱ्यांवरून.

दार लागलं. ओवी पाळण्याशी येऊन वाकली आणि मराठीत म्हणाली, "आजी, हे नक्की लाटणंच आहे ना?"

"लाटणंच आहे गं बाई. रोज पोळ्या लाटते त्यानं तुझी आई," आक्का म्हणाल्या.

आणि हात घालून, टोपडं सोडून, त्यांनी ते पुन्हा एकदा बघितलं.